पाच व्यवस्था, एक रिकामी यादी : गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र

१/
३१ जानेवारी २०१७. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. भारतात १ फेब्रुवारीची पहाट होत होती. गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबले. एक-दोन सेकंदांतच आपण भलत्याच सर्व्हरवर आहोत हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आज्ञा थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबींच्या डेटाबेसपैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता.

२/
ही चूक संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु त्या रात्रीचा खरा धडा चुकीनंतरच्या तासांत दडलेला आहे. डेटा गेला, म्हणून बॅकअप शोधायला सुरुवात झाली. कंपनीकडे डेटा राखण्याच्या एकूण पाच व्यवस्था होत्या. एकेक करून त्या तपासल्या गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी तपासणाऱ्याच्या हाती निराशाच आली. बॅकअप आहेत असे सर्वांना वाटत होते. त्यांची यादी उघडून मात्र कुणी पाहिली नव्हती. या धाग्यात त्या यादीचा इतिहास.

३/
आधी थोडी पूर्वपीठिका. डेटाची प्रत काढून ठेवण्याची पद्धत चुंबकीय फितींच्या काळापासूनची. १९७९ मध्ये बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘टार’ नावाचे साधन होते. टेप अर्काइव्ह या शब्दांवरून हे नाव पडले. या साधनाला एक अक्षर सांगितले की ते फिती भरत असे, दुसरे सांगितले की फितीतला माल बाहेर काढत असे. तिसरे अक्षर होते ‘टी’. ते दिल्यास फितीवर काय काय आहे याची फक्त यादी पडद्यावर येई. प्रत काढणे, प्रत उघडणे आणि प्रतीची यादी पाहणे ही तीन वेगळी कामे आहेत, हे त्या साधनाच्या कर्त्यांना तेव्हाच ठाऊक होते.

४/
युनिक्सच्या आज्ञांचा स्वभाव मितभाषी. काम नीट झाले तर त्या काहीच बोलत नाहीत. बिघडले तरच तक्रार करतात. फाइल पुसणारी ‘आरएम’ ही आज्ञाही याच घराण्यातली. तिला सक्तीची खूण जोडली की ती ‘नक्की पुसू का?’ असे विचारत नाही, आणि पुसलेली फाइल कचरापेटीतही टाकून ठेवत नाही. जाणकाराच्या हाती हा अबोलपणा सोयीचा ठरतो. मध्यरात्री थकलेल्या माणसाच्या हाती तोच घातक ठरू शकतो. गिटलॅबच्या कथेत हे मौन दोनदा भेटते, आणि दोन्ही वेळा महागात पडते.

५/
आता पात्रपरिचय. गिटलॅब हे संगणक-प्रणालींचा कोड एकत्र लिहिण्यासाठी व साठवण्यासाठीचे व्यासपीठ. युक्रेनमधील दिमित्रो झापोरोझेत्स यांनी २०११ मध्ये तो मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून सुरू केला. तिथे कोड एका बाजूला साठवला जाई. प्रकल्पांच्या नोंदी, वापरकर्त्यांची खाती, चर्चा, टिप्पण्या ही सारी माहिती डेटाबेसमध्ये असे. हा डेटाबेस होता पोस्टग्रेस्क्यूएल. त्याचे मूळ १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या संशोधन प्रकल्पात आहे. सध्याचे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले.

६/
गिटलॅबच्या ऑनलाइन सेवेचे डेटाबेस-सर्व्हर दोन होते. पहिला मुख्य, दुसरा दुय्यम. मुख्य सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल लगोलग दुय्यम सर्व्हरवर उतरत असे. मुख्य सर्व्हर बंद पडला तर दुय्यमाने जागा घ्यावी, अशी ही रचना. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१० साली, ९.० या आवृत्तीत आली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : दुय्यम सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर एखादा तक्ता चुकून पुसला गेला, तर ती चूकही तितक्याच निष्ठेने दुय्यमावर उतरते.

७/
त्या दिवशी १७:२० च्या सुमारास एका अभियंत्याने डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची जशीच्या तशी प्रत, घेतला आणि तो चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. डेटाबेसवरचा भार कसा वाटावा याचे प्रयोग त्याला करायचे होते. असे स्नॅपशॉट एरवी २४ तासांतून एकदा आपोआप घेतले जात. पण त्याला ताजी माहिती हवी होती, म्हणून त्याने हाताने एक जादा घेतला. त्यामागे सुरक्षिततेचा विचार मुळीच नव्हता. पुढे साऱ्या सेवेचे भवितव्य या एका प्रतीवर टांगले जाणार होते.

८/
१९:०० च्या सुमारास डेटाबेसवरचा भार एकाएकी वाढला. स्पॅम करणाऱ्यांचा उपद्रव असावा असा संशय होता. आणखी एक कारण मागाहून उघडकीस आले : कुणीतरी खोडसाळपणे गैरवापराची तक्रार केल्यामुळे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचे खाते त्याच्या सर्व माहितीसह पुसण्याचे काम पार्श्वभूमीला सुरू झाले होते. या ताणामुळे दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडू लागला.

९/
पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहितो आणि दुय्यम सर्व्हर ती नोंदवही वाचत पुढे सरकतो. जुनी पाने काही काळाने काढून टाकली जातात. २३:०० च्या सुमारास असे झाले की दुय्यमाने वाचण्याआधीच ती पाने मुख्य सर्व्हरवरून नाहीशी झाली होती. पाने अन्यत्र साठवून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये असते. गिटलॅबने ती सुरू केलेली नव्हती. आता मार्ग एकच होता. दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची आणि मुख्य सर्व्हरवरून पूर्ण प्रत नव्याने आणायची.

१०/
यासाठी ‘पीजी_बेसबॅकअप’ ही आज्ञा वापरतात. अभियंत्याने ती चालवली. प्रथम जोडण्यांची मर्यादा आड आली. ती वाढवावी तर सर्व्हर पुन्हा सुरू होईना. तेही निस्तरले. मग आज्ञा नुसतीच थांबून राहिली. चूक सांगेना, प्रगती दाखवेना. प्रत्यक्षात मुख्य सर्व्हरकडून डेटा येण्याची ती शांतपणे वाट पाहत होती, आणि हे तिचे नेहमीचेच वर्तन होते. परंतु पडद्यावर त्याचा मागमूस नव्हता. हे पहिले मौन.

११/
डिरेक्टरी पुरती रिकामी नसावी, म्हणून आज्ञा अडली असावी, असा तर्क अभियंत्याने केला. तर्क सुसंगत होता. ती डिरेक्टरी पुसावी म्हणून त्याने ‘आरएम’ चालवली. मात्र ज्या खिडकीत त्याने ती टाइप केली ती दुय्यम सर्व्हरची नव्हती, मुख्य सर्व्हरची होती. दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक होता तो केवळ एका आकड्याचा. ‘आरएम’ने काहीही विचारले नाही. हे दुसरे मौन. दुय्यम सर्व्हर आधीच मुद्दाम रिकामा केलेला होता, मुख्य आता चुकून रिकामा झाला. पाचांपैकी पहिली व्यवस्था येथेच संपली.

१२/
दुसरी व्यवस्था : रोजचा बॅकअप. दर २४ तासांनी ‘पीजी_डम्प’ ही आज्ञा डेटाबेसची संपूर्ण प्रत काढी. शोध घेतला तेव्हा त्या प्रती कुठे ठेवल्या जातात हेच आधी सापडेना. ज्या फाइली सापडल्या त्यांचा आकार होता काही बाइट्स. ३०० जीबींच्या डेटाबेसची प्रत एका लहानशा वाक्याहून मोठी नव्हती. ‘एलएस’ ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा आकाराच्या रकान्यासह आदल्या कोणत्याही दिवशी चालवली असती, तर एका नजरेत शंका आली असती.

१३/
असे का घडले? ‘पीजी_डम्प’चा एक नियम आहे : स्वतःपेक्षा नव्या आवृत्तीच्या सर्व्हरची प्रत ती काढत नाही. गिटलॅबचा सर्व्हर ९.६ आवृत्तीचा होता. बॅकअपचे काम मात्र ज्या यंत्रावर चाले तिथे डेटाबेसच नव्हता. कोणती आवृत्ती वापरायची हे ठरवण्यासाठी प्रणाली डेटाबेसच्या डिरेक्टरीतील एक फाइल पाही. ती न मिळाल्याने तिने मूळची ठरलेली ९.२ आवृत्ती घेतली. परिणामी आज्ञा दर वेळी चूक नोंदवून थांबे. येथे तिने मौन पाळले नव्हते. तक्रार केली होती, पण ती कुणापर्यंत पोहोचली नाही.

१४/
ती का पोहोचली नाही, ही या कथेतली फार बोलकी बाब आहे. ठरलेल्या वेळी चालणारे असे काम फसले की ईमेल जात असे. परंतु त्या ईमेलवर डीमार्क या पडताळणी-पद्धतीला लागणारी खूण नव्हती, म्हणून स्वीकारणारी यंत्रणा त्या परत लावत होती. बॅकअप फसत होता, फसल्याची वार्ताही फसत होती, आणि वार्ता येत नाही याचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा लावला जात होता. जासूद वाटेतच अडवला जावा आणि दरबाराने शांतता आहे असे समजावे, तसा हा प्रकार.

१५/
तिसरी व्यवस्था : क्लाउडवरचे साठवणस्थान. काढलेल्या प्रती ॲमेझॉनच्या एस-३ सेवेतील एका बकेटमध्ये जमा व्हायच्या. बकेट उघडली. ती रिकामी होती.
चौथी व्यवस्था : सर्व्हर ज्या मायक्रोसॉफ्ट अझूर सेवेवर चालत होते तिथले डिस्क-स्नॅपशॉट. फाइली ठेवणाऱ्या सर्व्हरांसाठी ते सुरू केलेले होते. डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी ते कधी सुरूच केले नव्हते; इतर व्यवस्था पुरेशा आहेत असे गृहीत धरले होते.
प्रत्येक व्यवस्था दुसरीच्या भरवशावर निर्धास्त होती.

१६/
पाचवी व्यवस्था : चाचणीच्या सर्व्हरसाठी घेतले जाणारे स्नॅपशॉट. ते २४ तासांतून एकदाच घेतले जात. केवळ नेहमीच्या स्नॅपशॉटवर भिस्त ठेवावी लागली असती, तर जवळजवळ एका दिवसाचे काम गेले असते. परंतु १७:२० ची ती जादा प्रत होती. तिचे वय होते सुमारे सहा तास. जी प्रत बॅकअप म्हणून घेतलीच नव्हती, तीच शेवटी बॅकअप ठरली. गिटलॅब वाचली ती यंत्रणेमुळे नव्हे, निव्वळ योगायोगाने. आणि कंपनीने हे लपवले नाही.

१७/
पुनःस्थापनेचे काम सुरू झाले. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क स्वस्त आणि संथ होत्या. एवढी मोठी प्रत मुख्य सर्व्हरकडे नेण्यासच सुमारे १८ तास लागले. सेवा पूर्ववत झाली ती १ फेब्रुवारीच्या १८:०० नंतर, भारतात मध्यरात्रीच्या सुमारास. १७:२० नंतर डेटाबेसमध्ये जे बदल झाले ते कायमचे गेले. कंपनीच्या अंदाजानुसार त्यात सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती होती. कोड वेगळ्या ठिकाणी असल्याने तो सुरक्षित राहिला.

१८/
या घटनेला इतिहासात स्थान मिळाले ते कंपनीच्या वर्तनामुळे. काम सुरू असतानाच गिटलॅबने आपले आतले टिपण सर्वांसाठी खुले केले. अभियंत्यांची चर्चा यूट्यूबवर थेट दाखवली गेली आणि हजारो लोकांनी ती पाहिली. पाचही व्यवस्था विश्वासार्ह नव्हत्या किंवा मुळात लावलेल्याच नव्हत्या, ही कबुली त्या टिपणातच होती. १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल आला. त्यात चूक करणाऱ्याचे नाव नाही.  दोष माणसाच्या माथी मारून विषय संपवण्याचा सोपा मार्ग कंपनीने पत्करला नाही. पोलादी शिस्तीच्या संस्थांचे अहवालही क्वचितच इतके उघडे असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला असे समकालीन, घटना घडत असतानाच लिहिलेले साधन विरळाच मिळते.

१९/
अशी घटना पहिली नव्हती. १९९८ मध्ये पिक्सार या चित्रपट-संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना याच ‘आरएम’ आज्ञेने चित्रपटाच्या बहुतांश फाइली पुसल्या गेल्या. बॅकअप काढले जात होते, पण परत चढवताना ते सदोष निघाले. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्रप्रमुखांमुळे. घरी लहान मूल असल्याने त्या घरून काम करत आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. १९ वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही घटनांत अधिकृत बॅकअप कामी आला नाही. कामी आली ती दुसऱ्याच कारणासाठी ठेवलेली प्रत.

२०/
मग यादी तपासण्याची साधने तेव्हा नव्हती काय? होती. ओरॅकल कंपनीने १९९७ मध्ये ‘आरमॅन’ हे साधन आणले. त्याच्या रुळलेल्या तीन आज्ञा मुद्दाम पाहण्याजोग्या आहेत. ‘लिस्ट’ ही नोंदींप्रमाणे कोणते बॅकअप आहेत ते सांगते. ‘क्रॉसचेक’ ही नोंदीतला प्रत्येक बॅकअप डिस्कवर किंवा फितीवर प्रत्यक्ष आहे का ते पाहते. न सापडल्यास त्या नोंदीवर बाद असल्याचा शिक्का मारते. ‘व्हॅलिडेट’ ही बॅकअप आतून वाचून तो धड आहे का ते तपासते. नोंद, अस्तित्व आणि वापरण्याजोगेपणा यांची ही फारकत आहे.

२१/
दप्तरखान्यात काम केलेल्यांना ही फारकत नवी नाही. सूचीत लिहिलेले असते की अमुक क्रमांकाच्या रुमालात अमुक सालचे कागद आहेत. रुमाल सोडल्यावर कधी कागद निघतात, कधी भलत्याच सालचे निघतात, तर कधी वाळवीने खाल्लेला चुरा निघतो. म्हणून जबाबदार संशोधक सूचीच्या आधारे ‘कागद उपलब्ध आहे’ असे लिहीत नाही. तो रुमाल सोडतो. गिटलॅबमध्ये तर सूचीही पाहिली गेली नव्हती.

२२/
पोस्टग्रेसपुरते बोलायचे तर बॅकअप तपासण्याच्या चार पायऱ्या मांडता येतात.
पहिली : बॅकअप आहे का? ‘बारमन’, ‘पीजीबॅकरेस्ट’ यांसारखी साधने एका आज्ञेत उपलब्ध बॅकअपची यादी देतात.
दुसरी : त्याची तारीख आणि आकार पटण्याजोगा आहे का? कालच्यापेक्षा आजची प्रत एकाएकी लहान का?
तिसरी : आत काय आहे? ‘पीजी_डम्प’ने विशिष्ट स्वरूपात काढलेल्या प्रतीची अनुक्रमणिका ‘पीजी_रिस्टोअर’ ही आज्ञा डेटाबेसला हात न लावता दाखवते.
चौथी : तो दुसऱ्या सर्व्हरवर चढतो का?
पहिल्या तीन पायऱ्यांना काही मिनिटे लागतात. चौथीला वेळ लागतो, आणि खात्री तीच देते.

२३/
२०२० मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १३ मध्ये बॅकअपसोबत फाइलींची यादी व त्यांच्या पडताळणीचे आकडे ठेवण्याची सोय झाली. ‘पीजी_व्हेरिफायबॅकअप’ ही आज्ञा त्या यादीशी प्रत्यक्ष फाइली ताडून पाहते. तिच्या अधिकृत माहितीपत्रातच बजावलेले आहे की हे साधन वापरले तरी बॅकअप परत चढवून पाहण्याची चाचणी करावीच लागते. साधन करणाऱ्यांनीच आपल्या साधनाची मर्यादा लिहून ठेवावी, हे या क्षेत्राने आलेल्या अनुभवांतून शिकल्याचे लक्षण मानता येईल.

२४/
गिटलॅबने पुढे काय करायचे ठरवले? नोंदवहीची पाने सतत अन्यत्र साठवणे. स्नॅपशॉट तासाला एक घेणे. बॅकअपवर देखरेख ठेवणे आणि तो परत चढवून पाहण्याची चाचणी स्वयंचलित करणे. आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे ठळकपणे कळावे म्हणून टर्मिनलच्या आरंभीची खूण बदलणे. या यादीतले एक कलम तांत्रिक नव्हते : डेटाच्या टिकाऊपणाची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीकडे देणे. पाच व्यवस्था होत्या आणि त्या सर्वांचा मिळून धनी कुणीच नव्हता, याची ही कबुली होती.

२५/
त्या रात्री ‘आरएम’ चालवणाऱ्या अभियंत्याची चूक एक-दोन सेकंदांची होती. रिकाम्या बकेटची चूक त्याच्या आधीपासून रोज घडत होती आणि रोज तपासता येण्याजोगी होती. ज्या ७०० जणांनी त्या सहा तासांत खाते उघडले, त्यांच्यापुरते गिटलॅबच्या दप्तरात काहीच उरले नाही. डेटाबेस हे आजच्या काळाचे दप्तर आहे. उद्याचा इतिहासकार ते उघडील तेव्हा त्याला काय सापडेल, हे आज यादी उघडून आकाराचा रकाना पाहणाऱ्या आणि महिन्यातून एकदा प्रत परत चढवून पाहणाऱ्या माणसावर अवलंबून आहे.

(धागा समाप्त)